हिमाला नाद कोणी दिला

व्हिडिओ गेम या नावाने जगभर रूढ झालेल्या, आणि गेल्या चार-पाच दशकांत तरुणांच्या फावल्या वेळावर, किंबहुना फावल्या नसलेल्या वेळावरही, आपला अंमल बसविलेल्या क्रीडाप्रकारात भूगोलाची मांडणी बहुधा एका ठरीव शिरस्त्याने केलेली असते. खेळाडूच्या हुकमतीतले पात्र अरण्यातून निघते, वाळवंट तुडविते, समुद्राच्या तळाशी जाते, ज्वालामुखीच्या मुखाशी होरपळते, आणि केव्हातरी एका हिमाच्छादित मुलखाच्या हद्दीत पाऊल टाकते. ही हद्द ओलांडल्याची वर्दी डोळ्यांच्या बरोबरीने, पुष्कळदा डोळ्यांच्याही आधी, कानाला मिळते: बारीक घुंगरांचा ठेका, वरच्या सप्तकात लुकलुकून हळूहळू विझणारे स्वर, त्यांच्यामागे लांबवर ताणलेली व्हायोलिनची एखादी रेघ किंवा शब्दावाचून गाणारा स्त्रीकंठ, आणि या सर्वांच्या बुडाशी घोंगावणारा वारा. सांगलीच्या किंवा चंद्रपूरच्या ज्या मुलाने फ्रीजच्या कप्प्याबाहेरचे हिम आयुष्यात पाहिलेले नाही, त्याला डोळे मिटावयास लावून हे संगीत ऐकविले, तरी बर्फाचा प्रदेश आला असे तो निःशंकपणे सांगेल.

या निःशंकपणाचे नवल वाटावे असे कारण आहे. प्रत्यक्ष हिमाला स्वतःचा नाद जवळजवळ नाही. इतकेच नव्हे, तर आसमंतात जो काही नाद असेल तोही गिळून टाकण्याचा त्याचा स्वभाव आहे. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाच्या थरात सुमारे नऊ-दशांश भाग हवेचाच असतो. स्फटिकांच्या फटीफटींतून ध्वनिलहरी आत शिरतात, तेथल्या अरुंद वाटांत घर्षणाने त्यांची शक्ती क्षीण होते आणि तिचे अत्यल्प उष्णतेत रूपांतर होऊन जाते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला भिंतीवर सच्छिद्र आच्छादन लावून जो परिणाम साधतात, तोच येथे निसर्ग सबंध दरीला गालिचा अंथरून साधतो. आणि अशा सच्छिद्र पदार्थांचा धर्मच असा की खालच्या सप्तकातील जाडे स्वर त्यांच्या तावडीतून बऱ्याच अंशी निसटतात, वरचे बारीक स्वर मात्र अधिक शोषले जातात. म्हणजे हिमाच्या सान्निध्यात सर्वप्रथम जे स्वर नष्ट व्हावयाचे, नेमके तेच तारस्वर, आणि तेही प्रतिध्वनीच्या लांब शेपटीसह, खेळांचे संगीतकार हिमाच्या नावावर जमा करीत आले आहेत. ध्वनिशास्त्राच्या दप्तरात पाहिले तर ही नोंद सपशेल उलटी आहे. आणि तरीही ती आपणास खरी वाटते. ती खरी का वाटावी, याचा शोध घेऊ लागले म्हणजे या संगीताच्या घडणीत हिमाचा हात अगदी थोडा, आणि माणसांचा, वाद्यांचा व यंत्रांचा हात फार मोठा, असे आढळून येते.

घुंगरांचे प्रकरण सर्वांत सोपे आहे. युरोपच्या उत्तर भागात आणि अमेरिकेत हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्या वापरीत. चाकांची खडखड नाही, टापांचा आवाज हिमाने गिळलेला. अशी गाडी वळणावर दुसऱ्या गाडीवर किंवा पादचाऱ्यावर निःशब्दपणे येऊन आदळण्याचा धोका फार, म्हणून घोड्याच्या अंगावर घुंगूरमाळा बांधण्याची वहिवाट पडली. म्हणजे हिमाच्या निःशब्दतेवर योजलेला हा वाहतुकीचा बंदोबस्त होय. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ईस्ट हॅम्प्टन या गावी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून अशा घुंगरांचा धंदा इतका भरभराटीला आला की त्या गावाला घंटांचे गाव हेच नाव पडले. संगीतात हा नाद त्याआधीच आला होता: लिओपोल्ड मोत्सार्टने १७५५ साली घसरगाडीच्या सहलीवर एक सबंध रचना केली, आणि त्याच्या जगद्विख्यात पुत्राने १७९१ साली, म्हणजे मरणाच्याच वर्षी, आपल्या एका जर्मन नृत्यात सुरात जुळविलेली घुंगरे वापरली. पुढे १८५७ साली बॉस्टनमध्ये जेम्स पिअरपाँट याचे घसरगाडीवरचे जे गीत प्रसिद्ध झाले, ते कालांतराने ‘जिंगल बेल्स’ या नावाने नाताळच्या सणाला कायमचे चिकटले. त्या गीतात नाताळचा उल्लेखही नाही, ही गोष्ट गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी येते. रस्त्यावर घसरगाड्या उरल्या नाहीत, तरी त्यांची घुंगरे सणाच्या दुकानांत आणि सिनेमात वाजत राहिली. आणि जपानमधील संगीतकारांनी खेळांसाठी ती उचलली तेव्हा त्यांच्या हाती घोडा नव्हता, गाडी नव्हती, नुसता सण होता.

लुकलुकणाऱ्या स्वरांची कुळकथा अधिक मनोरंजक आहे. पॅरिसच्या ओग्यूस्त म्युस्तेल याने १८८६ साली चेलेस्टा नावाचे एक वाद्य सिद्ध केले. दिसावयास ते लहानशा पियानोसारखे. पण आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या, त्यांवर पडणाऱ्या नमदा चढविलेल्या हातोड्या आणि प्रत्येक पट्टीखाली लाकडी अनुनादक पेटी, अशी त्याची रचना. चायकोव्हस्कीने हे वाद्य पॅरिसमध्ये ऐकले मात्र, त्याला असा काही मोह पडला की आपल्या प्रकाशकाला पत्र लिहून त्याने ते गुपचूप मागविण्याची तजवीज केली आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह यांना त्याचा सुगावा लागू नये अशी स्पष्ट ताकीद दिली. मोठ्या कलावंतांचा मत्सर कधी कधी मोठा निरागस असतो. १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात ‘नटक्रॅकर’ हे नृत्यनाट्य झाले आणि चेलेस्टा जगाच्या कानी पडला. आता गंमत अशी की त्यात चेलेस्टा जेथे प्रामुख्याने वाजतो ते परीचे नृत्य मिठाईच्या राज्यात घडते; तेथे हिमाचा कणही नाही. हिमकणांचे नृत्य त्याच्या आधीच्या अंकाच्या शेवटी येऊन गेलेले असते, आणि त्याचा भार बासऱ्यांवर व शब्दहीन समूहस्वरावर टाकलेला आहे. परंतु हे नाट्य पाश्चात्त्य देशांत नाताळच्या दिवसांतच वर्षानुवर्षे होत राहिल्याने साखरेच्या परीचे वाद्य हिमाच्या खात्यावर वर्ग झाले, आणि ही चूक दुरुस्त करण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

ती वाटू नये याला माझ्या मते एक खोल कारण आहे, आणि या सर्व विवेचनाचा गाभा तेथेच आहे. चेलेस्टा काय, घंटा काय, पियानोचे वरचे सप्तक काय, या सर्वांचा ध्वनी आघाताने एकदम उपजतो आणि मग माणसाच्या हाती काही न राहता आपोआप क्षीण होत जातो. हिमावर पडलेला सूर्यप्रकाश डोळ्यांना जसा दिसतो, तशीच ही घडण आहे: एखाद्या स्फटिकावर क्षणार्धात चमक उठते, विझते, तोवर दुसरीकडे उठते. म्हणजे संगीतकाराने हिमाचा आवाज टिपलेला नसून त्याची झळाळी कानाच्या भाषेत उतरविलेली आहे. आपल्याकडचा दाखला घ्यावयाचा तर मुंबईच्या स्टुडिओंत तयार झालेल्या हिंदी चित्रपटांचा घेता येईल. काश्मीरची हिमशिखरे पडद्यावर आली की पार्श्वभूमीला संतूर झंकारावा, असा जणू अलिखित हुकूमच तेथे होता. यात संतूर काश्मीरचे वाद्य आहे हा भाग आहेच. पण तेही हातोडीसारख्या कलमांनी तारांवर आघात करून वाजवावयाचे आणि आघातानंतर विझत जाणाऱ्या स्वरांचेच वाद्य आहे. पॅरिसचा कारागीर आणि काश्मीरच्या सूफियाना मैफलींतला वादक यांची कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. तरीही दोघांची वाद्ये एकाच दृश्यापाशी येऊन उभी राहिली, याला केवळ योगायोग म्हणणे मला जड जाते.

मात्र उत्सवाचे हिम हे हिमाचे एकच रूप झाले. माणसाला मारणारे हिम वेगळे, आणि त्याच्या संगीताचे घराणेही वेगळे. राल्फ वॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने १९४८ साली पडद्यावर आलेल्या ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ या चित्रपटाचे संगीत केले. कप्तान स्कॉट आणि त्याचे सहकारी १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ज्या हिमात गारठून मेले, त्याला घुंगरे शोभली नसती हे उघड आहे. याच सामग्रीतून त्याने आपली सातवी सिंफनी, ‘सिंफोनिया अंटार्टिका’, उभी केली, आणि ती १९५३ च्या जानेवारीत, संगीतकार ऐंशी वर्षांचा असताना, मँचेस्टर येथे प्रथम वाजविली गेली. तीत कापड घासून वाऱ्याचा आवाज काढणारे चक्र आहे, शब्दांवाचून विलाप करणारा एक स्त्रीकंठ व त्याच्यामागे स्त्रियांचा समूहस्वर आहे, चेलेस्टा, व्हायब्राफोन, ग्लॉकनश्पील आणि पियानो आहेत, आणि हिमनदीच्या प्रचंड भिंतीसमोर माणसाने उभे राहावे तसा अकस्मात कोसळणारा ऑर्गन आहे. आज एखाद्या खेळातल्या हिमवादळाच्या प्रसंगी शब्दहीन स्त्रीकंठ आणि वारा ऐकू आला, की त्यामागे हे घराणे उभे आहे असे खुशाल समजावे. मग त्या खेळाच्या संगीतकाराने वॉन विल्यम्सचे नावही ऐकलेले नसो.

येथवरची सामग्री संगीतगृहाची आणि चित्रपटाची. ती खेळात आली तेव्हा तिला एका अत्यंत कृपण खजिनदाराशी गाठ घालावी लागली, आणि तो खजिनदार म्हणजे यंत्राची स्मृती. जपानमध्ये १९९० साली विक्रीस आलेल्या, आणि बाहेर सुपर निन्टेंडो या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्राचा ध्वनिविभाग सोनी कंपनीच्या केन कुतारागी याने रचला होता. पुढे प्लेस्टेशनचा जनक म्हणून जो प्रसिद्धीस आला तोच हा. या विभागाला एकूण ६४ किलोबाइट एवढी स्मृती नेमून दिलेली होती आणि एका वेळी आठच स्वर वाजविण्याची मुभा होती. वाद्यांच्या आवाजाचे नमुने, रचनेची स्वरलिपी, ती वाजविणारी आज्ञावली, सर्व काही या ६४ किलोबाइटांत बसवावयाचे. ध्वनीचे १६ नमुना-अंक ९ बाइटांत दाबून बसविण्याची युक्ती तेथे होती. तिचा हिशेब मांडला तर सबंध स्मृती केवळ आवाजावर उधळली, तरी सेकंदाला ३२,००० अंकांच्या पूर्ण गुणवत्तेचा चार सेकंदांचाही ध्वनी तीत मावत नाही. इतक्या शिलकीत ज्याला ऑर्केस्ट्रा उभा करावयाचा, त्याच्या अडचणीची कल्पना करावी.

या जमाखर्चात घंटा स्वस्त पडते. व्हायोलिनचा दीर्घ स्वर खरा वाटावयाचा तर त्यातील गजाची थरथर टिकविण्यासाठी लांब नमुना साठवावा लागतो. त्याचा लहानसा तुकडा पुनःपुन्हा फिरविला, तर कान ताबडतोब कंटाळतो. घंटासदृश स्वराचे तसे नाही. आघाताचा क्षणभराचा अंश आणि त्यामागून फिरत राहणारे एक लहानसे आवर्तन एवढे पुरते. त्याचा जोर हळूहळू उतरवीत नेण्याचे काम यंत्र फुकट करते. त्या काळच्या हिममुलखांत इतक्या घंटा का, या प्रश्नाचे एक उत्तर चायकोव्हस्कीपाशी आहे आणि दुसरे या काटकसरीपाशी.

परंतु याच यंत्रात एक चैनही उपलब्ध होती, ती प्रतिध्वनीची. वाजलेला स्वर स्मृतीत साठवून तो थोड्या अवकाशाने पुन्हा सोडण्याची व्यवस्था त्यात होती. मात्र दर १६ मिलिसेकंदांच्या अवकाशासाठी दोन किलोबाइट मोजावे लागत. जास्तीत जास्त मर्यादा २४० मिलिसेकंदांची, आणि तिची किंमत ३० किलोबाइट, म्हणजे जवळजवळ अर्धा खजिना. गोठणबिंदूच्या तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. तेव्हा २४० मिलिसेकंदांत तो सुमारे ८० मीटरांचा फेरा करील, म्हणजे ४० मीटरांवरच्या कड्यावर आपटून परत येईल. आलेला प्रतिध्वनी पुन्हा त्याच फेऱ्यात ढकलून हे अंतर अधिक भासविता येई हे खरे. तथापि पडद्यावरच्या हिमदरीची भव्यता ही अशी शब्दशः किलोबाइटांत विकत घ्यावी लागे, आणि दरी जितकी विशाल करावी तितकी वाद्ये दरिद्री होत. एवढा खर्च करून आणलेला हा प्रतिध्वनी खऱ्या हिमाने एका क्षणात गिळला असता, हे पुन्हा सांगावयास नको. त्याने खरे साधत होते ते अंतर. समोरचा कडा दूर आहे आणि मधे कोणी नाही, एवढे तो बजावून सांगे.

या खजिन्यात बसून केलेल्या कामाचा मला सर्वाधिक आवडणारा नमुना म्हणजे इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील ट्वायक्रॉस येथील रेअर या संस्थेने १९९४ साली काढलेल्या ‘डाँकी काँग कंट्री’ या खेळातील ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर्स’ ही रचना. या खेळाच्या संगीताचे श्रेय लोक सरसकट डेव्हिड वाइज याला देऊन मोकळे होतात, आणि त्यातील बहुतांश भाग त्याचाच आहे. परंतु ही हिमरचना त्याची सहकारी एव्हलिन फिशर हिची. ज्या लेव्हलला ती लागते तेथे प्रारंभी आकाश बरेचसे मोकळे असते, मग भुरभुर सुरू होते, आणि शेवटाकडे तोफेच्या पिंपांतून उडणारे माकड वादळाआड दिसेनासे होऊन खेळाडूला अंदाजाने उड्या माराव्या लागतात. रचनेत वारा आहे, गूढ आणि संथ स्वरपंक्ती आहेत, पण सणाचा मागमूस नाही. गमतीच्या, केळी वेचीत हिंडणाऱ्या माकडाच्या खेळात ही एवढी गंभीर रचना घालण्याचे धाडस त्या बाईने केले. आणि अंधूक झालेल्या पडद्याकडे डोळे ताणून पाहणाऱ्या मुलाला आपण आता गंमत करीत नसून कोणत्यातरी संकटातून मार्ग काढीत आहोत असे वाटू लागते, ते चित्रापेक्षा या संगीतामुळेच.

याच्या अगदी उलट टोकाला निन्टेंडोचे कोजी कोंडो यांची १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मधील हिमपर्वताची रचना आहे. तेथे घुंगरे आहेत, मजा आहे, हरवलेले पेंग्विनचे पिल्लू आईकडे पोचविण्याचे कर्तव्य आहे. या पर्वताच्या पोटात एक लांबलचक घसरगुंडी आहे आणि तिच्यावर एक धावती, उडती चाल वाजते. बाहेर पर्वतावर जे संगीत वाजते ते वस्तुतः त्याच चालीचे मंदावलेले, घुंगरे बांधलेले रूप होय. बाहेर जे सावकाश ऐकले तेच आत वेगाने कानी पडते, आणि पायाखालची जमीन निसटते. रचनाकाराचे हे कसब बहुतेक मुलांच्या लक्षात येत नाही, आणि ते येऊ नये हीच त्याची योजना असावी.

स्वरांच्या निवडीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तेथे आपल्या कानाला एक वेगळीच साक्ष देता येते. ओसाड, गोठलेल्या विस्ताराचे चित्र उभे करताना पाश्चात्त्य संगीतकार पुष्कळदा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र धरतात आणि मधला गांधार गाळतात. गांधार शुद्ध की कोमल यावरून त्यांच्या कानाला आनंद की विषाद ते कळते. गांधारच नाही म्हटल्यावर तेथे कोणत्याच मानवी भावनेची वस्ती उरत नाही, आणि तो अभाव त्यांना शीत, निर्जन भासतो. आता हेच षड्ज-पंचम आपण तानपुऱ्यावर रोज ऐकतो, आणि त्यांत आपणास रितेपण तर नाहीच, उलट गायकाने येऊन बसावे अशी मांडलेली बैठक दिसते. तीच गोष्ट तीव्र मध्यमाची. आपल्या कल्याण थाटाची स्वरमालिका त्यांच्याकडे लिडियन या नावाने आहे, आणि अद्भुत, आकाशस्थ, स्फटिकमय अशा दृश्यांना ती जोडण्याची त्यांची चाल आहे. आपल्याकडे मात्र यमन म्हणजे दिवेलागणीची वेळ. स्वरात थंडी नसते, ती ऐकणाऱ्याच्या संस्कारात असते, याला यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण. कोची या शिकोकु बेटाच्या दक्षिणेकडील उबदार प्रांतात जन्मलेल्या नोबुओ उएमात्सु यांनी १९९४ च्या ‘फायनल फँटसी’ मालिकेतील सहाव्या खेळाचा प्रसिद्ध प्रारंभ घडविला, तोही या वहिवाटी बाजूला सारून. रात्रीच्या हिमावरून तीन अवजड यंत्रे दूरच्या खाणगावाच्या दिव्यांकडे पावले टाकीत निघालेली असतात, श्रेयनामावली उमटत असते. आणि त्या वेळी वाजणारी धून हिमाची नसून त्या यंत्रांपैकी एकावर बसलेल्या, स्वतःची ओळख गमावलेल्या मुलीची असते.

चित्रपटाच्या संगीतकाराला एक सोय असते जी खेळाच्या संगीतकाराला नाही: दृश्य किती वेळ चालणार हे त्याला ठाऊक असते. खेळाडू मात्र हिममुलूख दोन मिनिटांत ओलांडील, किंवा एखाद्या कड्यापाशी अडकून दोन तास बसेल. रचना संपली की ती पुन्हा प्रारंभापासून सुरू व्हावयाची, आणि सांधा कळता कामा नये. ठळक, चटकन मनात बसणारी चाल केली तर विसाव्या आवर्तनाला ती नकोशी होते. अगदी धूसर केली तर मुलखाला ओळख राहत नाही. या पेचातून सुटण्याचे निरनिराळे मार्ग निघाले. रेअरच्याच ग्रँट कर्कहोप याने १९९८ च्या ‘बँजो-कझूई’ मध्ये चेटकिणीच्या गुहेची एकच चाल ठेवून, खेळाडू ज्या दुनियेच्या दाराशी जाईल त्या दुनियेची वाद्ये तीवर चढविली. हिमपर्वताच्या दाराशी आले की तीच चाल न थांबता नाताळच्या वेषात वाजू लागते, मागे फिरले की वेष उतरतो. सर्व वाद्ये एकाच वेळी चालू, फक्त कोणाचा आवाज उघडावयाचा आणि कोणाचा मिटावयाचा एवढाच हुकूम यंत्राने द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरा मार्ग संगीत कमी करण्याचा. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मध्ये विस्तीर्ण मुलखावर पियानोचे चार-दोन स्वर येतात, थांबतात, पुष्कळ वेळ नुसता वारा आणि पावलांचा आवाज राहतो. हिमशिखरांवर तर उबदार वस्त्र अंगावर नसेल तर पात्राचे प्राण हळूहळू झिजू लागतात, आणि अशा वेळी ही अल्पाक्षरी योजना अधिकच बोचते. जेरेमी सोल याने २०११ च्या ‘स्कायरिम’ साठी केलेल्या संथ रचना या दोन्हींच्या मधल्या वाटेवर आहेत. मला स्वतःला मात्र या मार्गावरची सर्वांत धाडसी रचना ऑस्टिन विंटरी याची वाटते. २०१२ च्या ‘जर्नी’ या खेळात वाळवंटातून निघालेला मुका प्रवासी अखेरीस हिमपर्वतावर येतो. सबंध खेळभर टीना ग्वो हिचा चेलो त्याच्या बरोबर चालत आलेला असतो, तो जणू त्याचा प्राणच. पर्वतावर वारा त्याला मागे लोटतो, ज्याच्या बळावर तो उडत होता ते वस्त्र गोठून आखूड होते, जोडीदाराला द्यावयाची हाक क्षीण होते, आणि त्याच प्रमाणात संगीतही हातचे काढून घेतले जाते. शेवटी तो कोसळतो तेव्हा पडदा पांढरा आणि स्वर शून्य. त्यानंतर जे येते त्याविषयी, ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी, मी मौन पाळतो. हे संगीत ग्रॅमी पारितोषिकाच्या दृश्य-माध्यमांसाठीच्या संगीताच्या विभागात नामांकित झाले, आणि त्या विभागात एखाद्या व्हिडिओ गेमच्या संगीताला नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. चेलेस्टा आणि घुंगरे यांनी मिळून दोन शतके जे काम चालविले होते ते येथे बाजूस ठेवलेले आहे, आणि हिमाच्या मूळ स्वभावाला, म्हणजे गिळून टाकण्याला, प्रथमच रचनेत स्थान मिळालेले आहे.

हिमाचा एक खरा आवाज मात्र खेळांत जवळजवळ सर्वत्र असतो, तो म्हणजे पावलाखाली दबणाऱ्या बर्फाचा करकर आवाज. कडाक्याच्या थंडीत स्फटिक वितळून सरकत नाहीत, मोडतात, म्हणून तो उमटतो. आणि तोही बहुधा खरा नसतो: ध्वनिमुद्रणाचे कारागीर चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ती मुठीत दाबतात, कारण मायक्रोफोनला स्वयंपाकघरातले हे हिम खऱ्यापेक्षा अधिक पटते.

ऐकणाऱ्याच्या संस्कारानेच हिम ठरते, या म्हणण्याला शेवटचा दाखला सेगा कंपनीच्या ‘सॉनिक’ मालिकेतून देता येईल. १९९४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या तिसऱ्या खेळात आइसकॅप नावाचा हिमप्रदेश आहे. निळा हेजहॉग एका फळीवर उभा राहून उतारावरून सुसाटत येतो आणि त्याबरोबर जे संगीत सुरू होते ते त्या पिढीच्या कानांत कायमचे बसले. सेगाच्या यंत्रात यामाहाची सहा स्वरांची एफएम चिप होती. या पद्धतीचे मूळ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चाउनिंग याच्या संशोधनात आहे. एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवावयाची, आणि दोहोंचे गुणोत्तर सरळ पूर्णांकी न ठेवता वाकडे ठेवले की धातूच्या घंटेसारखा ध्वनी आपोआप निघतो. त्यामुळे ही चिप स्फटिकासारख्या, कठीण, चकचकीत स्वरांना जन्मतःच अनुकूल होती. ऐकणाऱ्याला वाटावे की या चिपवर, या बर्फासाठीच, ही चाल जन्मली असावी. वस्तुस्थिती अशी की ती चाल ॲरिझोनासारख्या रखरखीत प्रांतातील जेट्झन्स या रॉक वाद्यवृंदाच्या ‘हार्ड टाइम्स’ नावाच्या एका गीताची होती. ते १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिले होते, आणि त्या वृंदातील ब्रॅड बक्सर याचा पुढे या खेळाच्या संगीतात हात होता. मूळ गीत २००८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे हा संबंध उजेडात येण्याची वाट मोकळी झाली. गीताचा बर्फाशी सुतराम संबंध नाही. २०२२ साली सेगाने हे जुने खेळ ‘सॉनिक ओरिजिन्स’ या नावाने एकत्र काढले, तेव्हा आइसकॅपवर ही चाल नव्हती. तिच्या जागी वेगळी रचना बसविलेली होती. उतार तोच, फळी तीच, बर्फही तसूभर बदललेले नव्हते, आणि लहानपणापासून तेथे घसरत आलेल्या मंडळींनी हा आपला हिमप्रदेश नव्हे म्हणून तक्रार केली.